रखवालदाराच्या चाव्या

१

भर दुपारी, सभागृहाच्या मागच्या जिन्याच्या पायथ्याशी म्हातारे कवी पालथे पडलेले सापडले. डोकं शेवटच्या पायरीच्या कडेवर आपटलं होतं. उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. डॉक्टरांनी ती उघडली तेव्हा आत लाल दोऱ्याचे दोन-चार धागे निघाले.

इन्स्पेक्टरबाई जिन्यावर बसून त्या धाग्यांकडे बघत राहिल्या. खात्यात त्यांना पाठीमागे सगळे 'मुंगी' म्हणायचे, कारण त्या कधी घाई करत नसत आणि वाटेतला एकही कण सोडत नसत. हे नाव त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्यांना ते मनातून आवडायचंही.

पण या वेळी तपासाला काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. हवालदाराने एका बाईला दवाखान्यातून उचलून चौकीवर बसवलं होतं आणि गावाने तिला दोषी ठरवूनही टाकलं होतं.

"दवाखान्याच्या चादरी शिवते, मॅडम," हवालदार म्हणाला. "म्हणजे दोरा तिचाच. आज दुपारी इथे येऊन गेली. आणि मुख्य म्हणजे ती त्याची मुलगी आहे."

"कुणाची?"

हवालदाराने त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनी सूर्य कुठला असं विचारलं. "रखवालदाराची."

मग बाईंना सांगावं लागलं नाही. चाळीसेक वर्षांपूर्वी गावातल्या गादी कारखान्याला आग लागली. कापूसच तो, बघता बघता पेटला. आत काम करणाऱ्या बायका दाराशी येऊन मेल्या. दार उघडलं नाही. पुढे कवींनी 'लोखंडी दार' ही कविता लिहिली, ती शाळेच्या पुस्तकात गेली, आणि तेव्हापासून या गावात मूल बोलायला लागलं की आधी आई म्हणायचं आणि मग ती कविता. हवालदाराने नकळत सूर धरलाच:

"दार बंद, कुलूप मुके, आत जळे माय,
चाव्या वाजत पळून गेले रखवालदाराचे पाय."

"पुरे," बाई म्हणाल्या.

परवा त्या कवितेचा मोठा समारंभ होता. त्याआधी आरोपपत्र तयार हवं, असा साहेबांचा निरोप आला होता. बाई चौकीवर गेल्या. चाळिशी उलटलेली ती बाई भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर हात, नजर जमिनीवर. इन्स्पेक्टरबाईंची नजर आपसूक तिच्या कमरेकडे गेली. आपण काय शोधतो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना स्वतःचाच राग आला. आपणही ती कविता ऐकतच वाढलो, हे त्यांनी मनाशी बजावून ठेवलं.

तिच्या कमरेला चाव्या नव्हत्या. पण सभागृहाची मावशी शपथेवर सांगत होती, की कवी पडले तेव्हा जिन्यावर चाव्या वाजत होत्या.

२

मावशी सभागृह झाडायची, पाणी भरायची, रात्री दार लावायची. वय झालं तरी आवाज खणखणीत होता.

"ती आली, पुढच्या बाकावर बसली. कवीसाहेब वरून उतरून तिच्याशी बोलले. मी मागे कपबशा विसळायला गेले. तिथे ऐकलं बघा. जिन्यावर चाव्या वाजल्या, छनछन, छनछन, आणि मग धप्प. धावत आले तर हे असं."

"तेव्हा ती जिन्यावर होती?"

"होती ना."

"पाहिलीत तुम्ही?"

"अहो बाई, चाव्या वाजल्या. चाव्या कुणाच्या असणार? त्यांच्याच घरच्या ना?"

"तुम्ही तिला पाहिलीत का?"

मावशी क्षणभर थांबली. "पाहिलीच म्हणा."

हे उत्तर बाईंनी मनात जसंच्या तसं ठेवून दिलं. मावशी पुढे म्हणाली, "तुम्हाला नाही ठाऊक ते खानदान. मी त्याच कारखान्यात होते. आग लागली तेव्हा अंगणात कापूस वाळवत होते म्हणून वाचले. ते कुलूप मी या डोळ्यांनी पाहिलंय. पितळी. हे एवढं मोठं."

प्रकाशकाच्या दुकानात नव्या आवृत्तीचे गठ्ठे छतापर्यंत रचले होते. मुखपृष्ठावर कविता म्हणणाऱ्या नटाचा रंगीत फोटो होता, अंगात रखवालदाराचा कोट, हातात कंदील, कमरेला चाव्या. प्रकाशक खचून बसला होता, पण एका डोळ्याने गठ्ठ्यांकडे बघत होता.

"मी दुपारभर बांधणीवाल्याकडे होतो. तिथली सगळी माणसं साक्षीला आहेत. कवी म्हणाले होते, समारंभात मला एक गोष्ट सांगायचीय. काय ते सांगेनात. मला म्हणाले, तुला आधी कळलं तर तू मला झोपू देणार नाहीस. मला वाटलं, म्हातारा माणूस, आभार-बिभार मानणार असेल."

राहिला नट. गेली कित्येक वर्षं तो गावोगाव एकच कविता म्हणत फिरत होता आणि लोक रडत घरी जात होते. सभागृहाच्या माडीवर त्याची खोली होती. खुंटीवर तोच जुना कोट, शेजारी काजळी धरलेला कंदील, आणि नव्या पिवळ्या गोफात ओवलेला चाव्यांचा जुडगा. नट रडून रडून घोगरा झाला होता. त्याची आई त्या आगीत गेली होती, तेव्हा तो पाळण्यात होता.

"सकाळी भेटलो तेवढंच. दुपारी मी मागच्या अंगणात पाठांतर करत होतो. चाव्या मलाही ऐकू आल्या, पण लांबून." त्याने डोळे पुसले. "वडलांच्या जागी होते हो मला. तुम्ही काळजी करू नका, समारंभ होणार. कविता आहे तशीच राहील. एक अक्षरही इकडचं तिकडे होणार नाही. माझ्या आईची शपथ."

भला माणूस, असं बाईंना वाटलं. जिना उतरताना मात्र पायरीवर त्यांचा पाय थबकला. काहीतरी खटकलं होतं, पण काय ते हाती लागेना.

३

चौकीवर रखवालदाराच्या मुलीसमोर चहाचा कप तसाच पडून होता. वर साय धरली होती.

"तू तिथे कशाला गेलीस?"

"निरोप आला होता. मला वाटलं, समारंभाला फिरकू नकोस म्हणून सांगतील. दर वेळी कोणीतरी सांगतंच."

"मग काय म्हणाले?"

ती एका दमात म्हणाली, "म्हणाले, कारखाना पाडतायत, मी पहिल्यांदाच आत जाऊन ते दार पाहिलं. मुली, मी कवितेतून चाव्या काढतोय. तुला आधी सांगितलं. आता वर जाऊन त्याला सांगतो, कारण म्हणायची त्याला आहे."

इन्स्पेक्टरबाई पुढे सरकल्या. "का काढणार, ते नाही विचारलंस?"

"नाही. म्हटलं, कविता तुमची, घाला नाहीतर काढा. आमचं व्हायचं ते होऊन गेलं. मी उठले आणि पुढच्या दाराने निघाले."

बाईंनी लाल धागे टेबलावर ठेवले. तिने ते बोटांत धरून पाहिले, शिवणारी माणसं पाहतात तसे, पीळ उलगडून.

"हा शिवायचा दोरा नाही. गोफाचा आहे. आणि लाल धागा आमच्या खोलीत यायलाच बंदी. चादरी उकळतात ना, एक लाल धागा गेला की सगळं कापड गुलाबी होतं."

"हे हवालदारांना का नाही सांगितलंस?"

"विचारलं कुणी?"

त्या दोन शब्दांनी बाईंना लाज वाटली. त्यांनी विचारलं, "वडील आहेत?"

"आहेत. गावाबाहेर खोली घेऊन दिलीय. रोज दाराशी डबा ठेवते."

"बोलत नाहीस?"

"कळत्या वयापासून नाही."

"का?"

ती पहिल्यांदाच सरळ डोळ्यांत बघून म्हणाली, "तुम्ही कविता वाचली नाही का?"

४

खोली स्वच्छ होती. एक खाट, एक माठ, एक खिडकी. म्हातारा रखवालदार दोन्ही हात काखेत दाबून बसला होता. मुलीला धरून नेलंय हे ऐकल्यावर त्याने मान वर केली.

"तिला सोडा. मला न्या. मीच केलंय."

"काय केलंत, काका?"

"मी कुलूप लावलं. चाव्या घेऊन पळालो."

इन्स्पेक्टरबाईंचं मन खट्टू झालं. इथवर येताना त्यांच्या मनात एक आशा उगवली होती, ती या दोन वाक्यांनी मोडली. तरी मुंगीच ती, रिकाम्या हाताने परत फिरणारी नव्हे.

"कुलूप कसं होतं?"

"मुकं."

"म्हणजे?"

म्हातारा गोंधळला. "मुकं होतं. आत माय जळत होती. आणि मुकं होतं."

बाई त्याच्या तोंडाकडे बघतच राहिल्या. कुलपाचं वर्णन करताना माणूस लहान म्हणेल, मोठं म्हणेल, गंजकं म्हणेल. मुकं कोण म्हणतं? हा माणूस आठवून बोलत नव्हता. तो पाठ म्हणत होता. शेजारची पोरं चाळीस वर्षं त्याच्या खिडकीखाली जे म्हणत आली, तेच आता त्याच्या डोक्यात त्याची आठवण होऊन बसलं होतं.

"काका, हात दाखवा बघू."

"नको. डाग आहे." आणि तो पुटपुटला, जसा कुणी स्वतःचा गुन्हा वाचून दाखवतो:

"तापली किल्ली, तळव्यावरती देवाने दिला डाग,
हात लपव तू जन्मभर, पण विझेल का रे आग?"

बाईंनी त्याच्यासमोर जमिनीवर बसून त्याचे हात हळूच काखेतून काढले आणि उलटे केले. कातडी जुन्या भाजण्याने आकसली होती. डाग होते खरे. रुंद, सरळ पट्टे, तळव्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, बोटांच्या आतल्या बाजूलाही. उजव्या हातावर होते तसेच डाव्याही हातावर.

एका चावीने दोन हात कसे भाजतील?

५

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मावशीला घेऊन कारखान्याच्या आवारात गेल्या. छत उतरवलं होतं, भिंती अर्ध्या उरल्या होत्या. लोखंडी दार अजून जाग्यावर उभं होतं.

"मावशी, ते पितळी कुलूप कुठे होतं, तेवढं हात लावून दाखवा."

"त्यात काय दाखवायचं," असं म्हणत मावशी तरातरा पुढे गेली. तिचा हात दाराच्या मधोमध गेला. मग कडेला गेला. मग वर, मग खाली. कडी नव्हती. कोयंडा नव्हता. चावी घालायला भोकही नव्हतं. ते सरकतं दार होतं, खालच्या रुळावरून बाजूला ढकलायचं, गाडे आतबाहेर नेता यावेत म्हणून. मावशीचा हात गंजलेल्या लोखंडावरून फिरत राहिला आणि मग थांबला.

"इथे होतं," ती म्हणाली. "इथेच कुठेतरी होतं हो."

बाईंनी खाली बोट दाखवलं. बाहेरच्या बाजूला रूळ चेपून वाकला होता. दारासमोरच्या बोळात, राडारोड्याखालून, काळ्या पडलेल्या लोखंडी पट्ट्यांची टोकं वर आली होती. कापसाच्या गासड्यांना आवळायच्या पट्ट्या. तळहातावरच्या डागांएवढ्याच रुंद.

मावशी खाली बसली. तिने एका पट्टीला हात लावला.

"गासड्या," ती म्हणाली. "गोदाम भरलं होतं, म्हणून मालकाने बोळात रचायला लावल्या होत्या. त्या कोसळल्या. रुळावर पडल्या. आणि तो... तो ओढत होता हो. पट्ट्या तापलेल्या, आणि हा नुसत्या हातांनी ओढत होता. आम्ही लांबून ओरडत होतो." तिने पदराने तोंड झाकलं. "मी पाहिलंय हे. आत्ता दिसतंय मला. मग इतकी वर्षं मला कुलूप का दिसायचं?"

इन्स्पेक्टरबाईंकडे याचं उत्तर होतं, पण ते म्हाताऱ्या माणसाला सांगण्यासारखं नव्हतं. त्यांनी तिला पाणी दिलं आणि दुसरंच विचारलं.

"मावशी, काल दुपारी जिन्यावर तुम्ही कुणाला पाहिलंत?"

"कुणालाही नाही." या वेळी उत्तर लगेच आलं. "चाव्या ऐकल्या. त्या मात्र खऱ्या ऐकल्या."

"मलाही तसंच वाटतं. आता कविता बाजूला ठेवा आणि मला सांगा. तुमच्या सभागृहात चाव्यांचा जुडगा कुणाकडे असतो?"

मावशीने गळ्यातल्या दोरीला हात लावला. तिथे एकच चावी होती. मग तिचे डोळे विस्फारले.

"तो तर कमरेला बांधल्याशिवाय तालमीला उभाच राहत नाही," ती कुजबुजली. "म्हणतो, चाव्या वाजल्याशिवाय शब्दच सुचत नाहीत."

६

दुपारी सभागृहात रिकाम्या खुर्च्यांसमोर चौघं जमली. मावशी, प्रकाशक, नट आणि इन्स्पेक्टरबाई. हवालदार दाराशी होता.

"मला एकदा कविता ऐकायचीय," बाई नटाला म्हणाल्या. "अंगणात म्हणत होतात तशी."

नटाने खुंटीवरून आणलेला जुडगा सवयीने कमरेला बांधला. दोन पावलं चालला आणि चाव्या वाजल्या. मावशीने डोळे मिटून घेतले.

"हाच आवाज," ती म्हणाली.

"गोफ नवा दिसतोय," बाई म्हणाल्या. "आधी कुठला होता?"

नटाने गोफावर हात ठेवला. प्रकाशक उगाच मदत करायला गेला. "लाल होता की. हा बघा, फोटोत..." नव्या पुस्तकाचं मुखपृष्ठ वर धरताना त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा हात तसाच राहिला. फोटोतला गोफ लालभडक होता.

"आपल्या सगळ्यांचं एकच चुकलं," बाई शांतपणे म्हणाल्या. "चाव्या वाजल्या की रखवालदार, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. म्हणून मावशींनी चाव्या ऐकल्या आणि त्याची मुलगी पाहिली. पण रखवालदाराच्या घरात चाव्या कधी नव्हत्याच. चाव्या फक्त कवितेत होत्या. आणि तुमच्या कमरेला."

नट मान खाली घालून उभा होता.

"कवी कवितेतून चाव्या काढणार होते. प्रकाशकांना ठाऊक नव्हतं. मावशींना नव्हतं. त्यांनी ते त्या मुलीला सांगितलं आणि तुम्हाला सांगायला वर आले. दुपारी भेटलोच नाही म्हणालात. मग 'एक अक्षरही इकडचं तिकडे होणार नाही' अशी शपथ का घेतलीत? जी कविता बदलेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, ती बदलण्याची भीती तुम्हाला कुठून आली?"

नट खुर्चीवर बसला. चाव्या पुन्हा वाजल्या, आणि त्याने त्या मुठीत धरून गप्प केल्या.

"मला आई आठवत नाही," तो म्हणाला. "माझ्याजवळ तिचा फोटोसुद्धा नाही. आई म्हणजे ती कविता. कुलपाआड उभी आहे आणि मला हाका मारतेय. रोज मी ती हाक ऐकतो. आणि ते म्हणाले, कुलूप नव्हतं. गासड्या पडल्या होत्या. मी विचारलं, मग माझ्या आईला कुणी मारलं? ते म्हणाले, हलगर्जीपणाने. मी म्हटलं, यमक जुळत नाही." तो हसायला गेला, पण तोंड नुसतंच वाकडं झालं. "त्यांनी जिन्यावर माझ्या चाव्या सोडायला हात घातला. म्हणाले, दे पोरा, पुरे झालं आता. मी ढकललं. ते जातील असं नव्हतं वाटलं मला. मला फक्त चाव्या हव्या होत्या."

"आणि तिला धरलं तेव्हा?"

"तेव्हा मला खरंच वाटलं, की तिनेच केलं असेल. गोफ मीच बदलला होता, तरी वाटलं." त्याने बाईंकडे पाहिलं. "असं होतं का हो कुणाला?"

"होतं," बाई म्हणाल्या. त्यांना त्याची दया आली आणि ती त्यांनी लपवली नाही. मग त्यांनी हवालदाराला खूण केली.

७

संध्याकाळपर्यंत गावाने नवी गोष्ट रचलीसुद्धा. कवितेनेच कवीचा जीव घेतला, चाव्या आपोआप वाजल्या, आगीतल्या बायका जिन्यावर उभ्या होत्या. हवालदार ती रंगवून सांगत होता.

"एका माणसाने ढकललं, दुसरा पडून मेला," इन्स्पेक्टरबाई त्याला म्हणाल्या. "एवढंच झालं. एवढंच सांगायचं."

"पण मॅडम, असं सांगितलं तर ऐकणार कोण?"



सुटलेल्या मुलीला त्या स्वतः गाडीतून घेऊन निघाल्या. वाटेत त्यांनी तिला दार सांगितलं, रूळ सांगितला, गासड्या सांगितल्या. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती.

"त्यांचे दोन्ही हात भाजलेत, तुला माहीत होतं ना?"

"लहानपणी रोज बघायचे," ती म्हणाली. "पण कवितेत एकच हात आहे. शाळेत बाईंनी मुद्दाम मलाच उभं करून म्हणायला लावली होती. त्या दिवशी घरी येऊन मी त्यांचा एक हात पाहिला आणि बोलणं टाकलं. दुसरा होताच की समोर."

गाडी खोलीपाशी थांबली. दाराशी कालचा डबा तसाच होता. मुलीने तो उचलला आणि त्या खोलीचा उंबरा पहिल्यांदाच ओलांडून आत गेली. इन्स्पेक्टरबाई दाराबाहेर थांबल्या. त्यांचं काम संपलं होतं, तरी पाय निघेना.

म्हातारा दचकून उठला आणि त्याने हात काखेत लपवले. मुलगी त्याच्यासमोर बसली. तिने ते हात ओढून घेतले, दोन्ही, आणि आपल्या मांडीवर उघडे ठेवले.

"बाबा," ती म्हणाली. तो शब्द तिला नीट बोलता आला नाही. "त्या दिवशी काय झालं होतं?"

"मी कुलूप..." त्याने सुरुवात केली.

"कवितेतलं नको. ती मला पाठ आहे. तुम्ही सांगा."

म्हाताऱ्याचे ओठ हलत होते, पण त्याला कुणी हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता आणि उत्तर फार खोल गेलं होतं. मुलीचं बोट त्याच्या तळव्यावरच्या पट्ट्यावरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश फिरलं, मग पुढच्या पट्ट्यावरून. त्याची बोटं हळूहळू आत वळली. काहीतरी जड धरून ओढावं तशी वळली.

"जड होत्या गं," तो म्हणाला. "मी ओढल्या. पण फार जड होत्या."